नव्ह शापेल: पाण्याच्या हातभर वरचं गाव

उत्तर फ्रान्सच्या नकाशात लील शहरावर बोट ठेवा आणि पश्चिमेकडून जरा खाली, नैऋत्येच्या अंगाला वीस-पंचवीस किलोमीटर सरका. ला बासे आणि एस्तेर या दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्यालगत नव्ह शापेल सापडेल. वस्ती दीड हजाराच्या आत. एक चर्च, एक ग्रामसभागृह, विटांची घरं आणि चहूबाजूंनी शेतं. नावाचा अर्थ ‘नवी देवळी’. काही किलोमीटरवर ‘व्हिएय शापेल’, म्हणजे ‘जुनी देवळी’, आहेच. आपल्याकडच्या बुद्रुक-खुर्दसारखा हा प्रकार.

या गावाचं प्रकरण अभ्यासायला घेण्याचं कारण एका प्रश्नात आहे. पहिल्या महायुद्धात, 1914 ते 1918 या चार वर्षांत, हे गाव आघाडीच्या रेषेवर किंवा तिच्या अगदी पाठीशी होतं. ते पुन्हा पुन्हा हातचं गेलं किंवा हाती आलं, आणि शेवटी उभी भिंत शोधावी लागेल अशी त्याची गत झाली. तरी आज ते त्याच जागी, त्याच नावानं नांदतंय. पूर्व फ्रान्समधल्या वर्दंच्या रणभूमीवरची नऊ गावं अशीच नामशेष झाली, त्यातल्या सहांत पुन्हा कुणी राहायला गेलं नाही. फ्लरी हे त्यातलं एक. तिथे आज जंगल आहे आणि झाडांत ‘इथे बेकरी होती’, ‘इथे शाळा होती’ अशा पाट्या आहेत. त्या गावांना कागदोपत्री अजून महापौर नेमला जातो, पण मतदार नाहीत. मग नव्ह शापेल परत का वसलं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: माती आणि पाणी. तोफगोळे वर्दंला कितीतरी जास्त पडले हे खरंच, पण सगळा फरक त्यातच नाही. नव्ह शापेलमध्ये ज्या गोष्टीनं सैनिकांचे हाल केले, त्याच गोष्टीनं शेतकऱ्याला परत बोलावलं.

जमीन कशी आहे

हा सगळा टापू लीस नदीच्या खोऱ्यातला. सपाट म्हणजे किती सपाट, तर गावाच्या पूर्वेला ओबेर नावाची जी ‘टेकडी’ युद्धाच्या प्रत्येक इतिहासात येते ती आजूबाजूच्या रानापेक्षा जेमतेम दहा-वीस मीटर उंच आहे. आपल्याकडे तिला माळ म्हणतानाही लोक दोनदा विचार करतील. वर सुपीक गाळाची माती, खाली चिकण. पाणी खाली मुरत नाही, त्यामुळे हिवाळ्यात दीड-दोन फूट खणलं की पाणी लागतं.

म्हणून इथली शेती मुळात पाणी बाहेर काढण्याची शेती आहे. आपल्याकडच्या बहुतेक शेतकऱ्याचा जीव पाणी शेतात कसं आणावं यात अडकलेला असतो, इथे नेमकं उलटं. प्रत्येक शेताच्या कडेला चर, चरातून नाला, नाल्यातून ओढा, ओढ्यातून लीस नदी. एकोणिसाव्या शतकात त्यात जमिनीखालच्या भाजक्या मातीच्या नळ्यांची भर पडली. हे चर दरवर्षी उपसावे लागतात. एकानं आपला चर तुंबू दिला की वरच्या शेतकऱ्याचं रान चिबडतं. त्यामुळे बांधापेक्षा चरावरून होणारी भांडणं इथे जुनी असणार, असा माझा अंदाज आहे.

गावाच्या पूर्वेकडून ले नावाचा ओढा जातो. ओढा म्हणायचं ते सवयीनं, खरं तर तो पाणी काढून नेणारा मोठा चरच. त्याच्यापलीकडे ब्वा द्यु बिए हे छोटं रान. ओढा, रान आणि त्यामागची ओबेरची चढण ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पाणी काढलेली ही जमीन मात्र फ्रान्समधल्या चांगल्या जमिनींत मोडते. गहू, बटाटा, साखरेचं बीट, कासनीची पांढरी भाजी. जवसाच्या धाग्यासाठी तर लीस नदी प्रसिद्ध होती. जवसाची ताटं नदीच्या संथ पाण्यात कुजवून धागा सुटा करायचा हा या खोऱ्याचा जुना धंदा. बीट आलं नेपोलियनच्या काळात. इंग्रजांशी झालेल्या कोंडीत वसाहतींतली उसाची साखर येईना, म्हणून 1811 पासून सरकारनं बीट लावायला जोर लावला आणि उत्तरेची ही भारी जमीन त्याला मानवली. दक्षिणेला कोळशाच्या खाणी, जवळ लीलच्या गिरण्या, म्हणजे खाणारी तोंडं गाडीच्या पल्ल्यात होती.

इथला जुना वाडा चौकोनी असतो. मधे चौक, चौकात शेणखताचा ढीग, चारी बाजूंनी घर, गोठा, कोठार, वर लाल कौलं. काही वाड्यांभोवती पाण्यानं भरलेला खंदक. तो सरदारी थाटाचा दिसतो, पण मुख्यतः घराखालची जमीन कोरडी ठेवण्यासाठी आणि भर घालायला माती मिळावी म्हणून खणलेला. ब्रिटिशांच्या नकाशात अशाच एका वाड्याला ‘मोटेड ग्रेंज’, म्हणजे खंदकाची वाडी, असं नाव पडलं आणि ते युद्धाच्या इतिहासात कायमचं गेलं. गावाच्या दक्षिणेच्या चौकाला फ्रेंच लोक ‘ला बोंब’ म्हणतात. इंग्रज सैनिकांनी त्याचं ‘पोर्ट आर्थर’ करून टाकलं.

प्रशासनाच्या बाजूनं फार सांगण्यासारखं नाही. आर्त्वा प्रांताचा मोठा भाग 1659 च्या पिरिनीजच्या तहानं स्पेनकडून फ्रान्सकडे आला, 1790 मध्ये जिल्हे पडले. गाव पा-द-काले जिल्ह्यात, शेजारचं ओबेर मात्र नोर जिल्ह्यात. सरहद्दीवरचं गाव म्हणून सैन्यं इथून शतकानुशतकं येत-जात राहिली.

ऑक्टोबर 1914: खडकीचे सॅपर

या गावाशी महाराष्ट्राचा धागा आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही.

भारतीय सैन्याची पहिली तुकडी 26 सप्टेंबर 1914 ला मार्सेयला उतरली. महिन्याभरात लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजनची माणसं ला बासेच्या उत्तरेला आघाडीवर होती, बरीचशी उन्हाळी कपड्यांत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जर्मनांनी नव्ह शापेल घेतलं. ते परत घेण्यासाठी 28 ऑक्टोबरला पाठवलेल्या दलात 47 वी शीख पलटण होती आणि तिच्यासोबत ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’च्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या. या सॅपर्सचं ठाणं पुण्याजवळ खडकीला. आजचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप तो हाच. त्यांच्यात शीख आणि मुसलमानांबरोबर मराठेही होते.

सॅपरचं काम पूल बांधणं, रस्ता करणं, सुरुंग लावणं. एकेक माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. त्या दिवशी त्यांना पायदळ म्हणून वापरलं. उघड्या सपाट रानातून ते गेले, गावात शिरले, घराघरांत संगिनींची झटापट झाली, गाव जवळजवळ हाती आलं. मागून कुमक आली नाही. प्रतिहल्ला झाला आणि उरलेल्यांना त्याच उघड्या रानातून परत यावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी ठार किंवा जखमी झाले. बोलीभाषा जाणणारा, नावानिशी माणूस ओळखणारा अधिकारी गेला की अशा कंपनीचं काय उरतं याचा विचार करावा. माझ्या मते ही त्या आघाडीवरची सर्वांत उधळी चूक होती. पुढचा सगळा हिवाळा चिखलात काढताना चर, पूल आणि फळ्यांचे रस्ते बांधणारे हातच कमी पडले.

त्या हिवाळ्यात पाण्यानं आपला हिशेब मांडला. खंदक खणला की भरायचा. शेवटी दोन्ही बाजूंनी खणणं सोडून वर बांधणं सुरू केलं: मातीच्या पोत्यांच्या, लाकडी चौकटींच्या छातीभर भिंती. शेतातले चर तोफगोळ्यांनी फुटले आणि उपसायला कुणी नव्हतं, त्यामुळे जे रान नोव्हेंबरात ओलं असायचं ते आता तळं झालं.

10 मार्च 1915: पस्तीस मिनिटं आणि एक ओढा

सकाळी साडेसातला सुमारे 340 तोफा एकदम सुरू झाल्या. 8 वाजून 5 मिनिटांनी पायदळ निघालं. नऊच्या सुमारास गाव हातात होतं. पश्चिम आघाडीवर खंदकयुद्ध सुरू झाल्यापासून ब्रिटिशांचा हा पहिला मोठा, नीट आखलेला हल्ला. विमानातून फोटो काढून शत्रूच्या खंदकांचा नकाशा तयार करून तो तुकड्यांना वाटला होता, हेही नवीन होतं.

इतक्या लवकर गाव कसं पडलं? इथे भूगोल आडवा नाही आला, कामी आला. जर्मनांची रेषाही जमिनीवरच बांधलेली होती, कारण त्यांनाही पाणी लागत होतं. पोत्यांची भिंत तोफेसमोर पस्तीस मिनिटं टिकत नाही. पुढच्या वर्षी सोम नदीकाठच्या खडूच्या जमिनीत जर्मन तीस-तीस फूट खाली तळघरांत बसले आणि आठवड्याच्या भडिमारातूनही वाचले. नव्ह शापेलच्या चिकणमातीत ती सोय नव्हती.

पण जिथे तोफा नीट लागल्या नाहीत तिथे उलट घडलं. डाव्या टोकाला काही तोफा आदल्या रात्रीच पोचल्या होत्या, त्यांचा नेम बसला नव्हता. तिथली काटेरी तार जशीच्या तशी राहिली आणि तिच्यासमोर मिडलसेक्स आणि स्कॉटिश रायफल्सच्या पलटणी कापल्या गेल्या. उजव्या टोकाला गढवाल रायफल्सची पहिली पलटण दिशा चुकून न फुटलेल्या खंदकावर जाऊन आदळली. दुसऱ्या पलटणीतल्या गबर सिंह नेगींनी खंदकाच्या वळणावळणाला पुढे राहून जर्मनांना मागे रेटलं आणि तिथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मग दुपार झाली, आणि दुपार वाया गेली. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, हुकूम माणसाच्या पायांनी पोचायचा. पुढे जाण्याचा आदेश येईपर्यंत जर्मनांनी ले ओढ्याच्या पुलाजवळ आणि ब्वा द्यु बिएच्या रानात मशीनगन आणून बसवल्या होत्या. पाणी काढून न्यायला शेतकऱ्यांनी राखलेला तो ओढा आता अडसर ठरला. माणूस उडी मारून पार होईना, आणि पुलाच्या तोंडावर नेम धरलेला. 12 तारखेचा जर्मन प्रतिहल्ला परतवला गेला, 13 ला लढाई थांबली. ब्रिटिश आणि भारतीय मिळून 11 हजारांवर माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता, त्यात 4 हजारांवर भारतीय. जर्मनांचं नुकसान साधारण तेवढंच. हाती आलं ते एक गाव आणि तीन-चार किलोमीटर रुंदीची, किलोमीटरभर खोल शेताची पट्टी. ओबेरची चढण तिथेच राहिली.

त्या काळात भारतीय सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉरच्या दप्तरात उरली आहेत. त्यात लढाईइतकीच शेती आहे: जमीन किती सुपीक, बायका किती राबतात, गुरं किती दुधाळ. लिहिणारे शेतकरीच होते. 1915 च्या अखेरीस भारतीय पायदळ इथून मेसोपोटेमियाकडे हललं.

पुढे 1917 मध्ये या टापूत पोर्तुगीज सैन्य आलं. 9 एप्रिल 1918 ला धुक्याच्या सकाळी जर्मनांचा मोठा लोट आला आणि पोर्तुगीज डिव्हिजन मोडली. सुमारे 7 हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक कैदी. गावातलं जे काही उरलं होतं तेही त्या दिवसांत गेलं. ढिगाऱ्यात एक ख्रिस्ताची मूर्ती मात्र क्रुसावर राहिली: दोन्ही पाय तुटलेले, एक हात नाही. पोर्तुगीज सैनिकांत तिला ‘खंदकातला ख्रिस्त’ म्हणू लागले. 1958 मध्ये पोर्तुगालनं ती मागून घेतली आणि बाताल्याच्या मठात अज्ञात सैनिकाच्या समाधीशी उभी केली. दुसऱ्या देशानं मागावी अशी वस्तू या गावानं दिली ती एवढीच, आणि तीही मोडकी.

परत येणं

आता मूळ प्रश्नाकडे. नोव्हेंबर 1918 मध्ये या रानात काय होतं? तार, खड्डे, फुटलेल्या आणि न फुटलेल्या गोळ्यांचा सडा, प्रेतं, आणि पाणी. बांध नाहीत, झाडं नाहीत, चर नाहीत. माझं शेत कुठे संपतं आणि तुझं कुठे सुरू होतं हे सांगायला जमिनीवर एकही खूण शिल्लक नव्हती.

सरकारनं उद्ध्वस्त जमिनींचे रंगांनी भाग पाडले. लाल म्हणजे सोडून द्यावी अशी, खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त. वर्दंच्या चुनखडीच्या पातळ जमिनीला हा हिशेब लागू पडला, सरकारनं ती घेऊन झाडं लावली. लीसच्या खोऱ्यात तो टिकला नाही. इथल्या एकराची किंमतच अशी होती की लाल रंग दिलेल्या जमिनीसाठीही शेतकरी भांडायला उभे राहत, आणि उत्तरेतला लाल पट्टा वर्षागणिक आकसत गेला. लीलला बटाटा हवा होता, खाणकामगारांना भाकरी.

यात दोन कायद्यांनी हात दिला. 4 मार्च 1919 च्या कायद्यानं उद्ध्वस्त भागात नव्यानं मोजणी, हद्दी ठरवणं आणि तुकडे एकत्र करणं यांची सोय केली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात तुकडेबंदी-तुकडेजोडीचा कायदा आला 1947 मध्ये, आणि त्यातून झालेल्या गटवारीच्या तक्रारी अजून तहसीलमध्ये चालू आहेत. तिथे युद्धानं बांधच पुसून टाकले होते, त्यामुळे एका अर्थी काम सोपं झालं. दुसरा कायदा 17 एप्रिल 1919 चा, नुकसानभरपाईचा. त्यातली मेख बघण्यासारखी आहे. जळालेल्या घराची 1914 ची किंमत मालकाला मिळायची. पण आज ते घर बांधायला लागणारा वाढीव खर्च हवा असेल तर पैसा त्याच गावात किंवा ठरावीक अंतराच्या आत पुन्हा घालायला हवा. म्हणजे पॅरिसला जाऊन दुकान थाटायचं तर थोडके पैसे, परत येऊन गोठा बांधायचा तर पुरते. पुनर्वसनाच्या आपल्याकडच्या धोरणांत या एका कलमाइतकं नेमकं कलम मला फारसं दिसलेलं नाही.

पहिलं काम घरांचं नव्हतं, चरांचं होतं. पाणी निघाल्याशिवाय खड्डा बुजवता येत नाही, नांगर चालत नाही, भिंतीचा पाया धरत नाही. लोक पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत आणि फळ्यांच्या खोल्यांत राहिले. मजूर म्हणून चिनी कामगार, जर्मन कैदी, पोलिश, बेल्जियन आले. काही पोर्तुगीज सैनिक परत गेलेच नाहीत, इथेच शेतमजूर झाले आणि इथल्याच मुलींशी लग्नं केली. विटांची नवी घरं उभी राहिली ती विसाव्या शतकाच्या विशीत, म्हणून आज गावात फिरताना सगळं एकाच वयाचं वाटतं.

युद्धाचं सामान वाया गेलं नाही. तारेचं कुंपण रोवायला सैन्यानं वापरलेल्या, पिळाच्या टोकाच्या लोखंडी गजांना फ्रेंचमध्ये ‘डुकराची शेपटी’ म्हणतात. हातोडा न मारता, आवाज न करता ते जमिनीत फिरवत घालता येत. शेतकऱ्यांनी ते गोळा करून गुरांच्या कुंपणाला लावले. गंजलेली ‘शेपटी’ आणि तिच्या कड्यातून ओवलेली नवी तार या भागात अजून दिसते. काँक्रीटच्या जर्मन कोठड्याही उरल्या. खाली खणता येत नाही म्हणून त्या वर बांधलेल्या, आणि इतक्या जाड की फोडणं परवडत नाही. ट्रॅक्टर त्यांना वळसा घालून जातो, बीटच्या ओळी तिथे दोन मीटर वाकतात.

ला बोंबच्या चौकात 7 ऑक्टोबर 1927 ला भारतीय स्मारकाचं अनावरण झालं. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर. जाळीची गोल भिंत, 15 मीटर उंच खांब, माथ्यावर कमळ, खाली दोन वाघ. ज्यांची कबर माहीत नाही अशा 4700 हून अधिक जणांची नावं आतल्या भिंतीवर पलटणीप्रमाणे कोरलेली आहेत, ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ हा मथळाही त्यात आहे. एप्रिल 2015 मध्ये भारताचे पंतप्रधान तिथे गेले. 2023 मध्ये युनेस्कोनं या आघाडीवरच्या स्मारकांना जागतिक वारशात घेतलं, त्यात हेही आलं. रस्त्यापलीकडे थोड्याच अंतरावर रिशबूरची पोर्तुगीज दफनभूमी, 1831 कबरी. या दोहोंच्या मधेही शेतच आहे.

गावातले बहुतेक लोक आता लील किंवा बेत्यूनला नोकरीला जातात. शेती मोजक्या घरांकडे उरली आहे, यंत्रं मोठी झाली आहेत. पण बटाटा काढणीला आला की अजून लोखंड वर येतं. थंडीत जमीन गोठते, उन्हाळ्यात तडकते, आणि चिकणमाती खालचा जड गोळा हळूहळू वर ढकलते. शेतकरी तो उचलून शेताच्या कडेला, विजेच्या खांबाच्या बुंध्याशी ठेवतो आणि ग्रामसभागृहात फोन करतो. तिथून प्रीफेक्चरला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीला, निरोप जातो आणि बॉम्बनाशक पथकाची गाडी फेरीवर येते. असा माल व्हिमी गावच्या आगारात साठवत. एप्रिल 2001 मध्ये तिथले गॅसचे गोळे गळण्याच्या भीतीनं सुमारे 13 हजार लोकांना घरं सोडावी लागली, तेव्हा ते गोळे दूरच्या सैनिकी तळाकडे हलवले. गाडी यायला काही दिवस लागतात. तोवर गोळा खांबाशी पडून असतो आणि काढणीचं यंत्र शेजारच्या ओळीतून चालू असतं.